आधी डिलीट नका मारू, राजेहो!

या खेपेला पत्रांचा जो ढीग आला त्यात बहुतेकांचं एकच रडगाणं, गेम उघडत नाही, उघडला तर लॉगिन होत नाही, लॉगिन झालं तर मधातच कनेक्शन तुटते. आन इलाजबी सगळ्यांनी एकच करून पाहिलेला, ॲप डिलीट मारा आन परत डाऊनलोड करा. आधीच सांगून ठेवतो, हा इलाज सगळ्यात शेवटचा आहे, आन काही जणांसाठी तर तो इलाजच नाही, सरळ नुकसान आहे. तुमच्या बोटापासून गेमपर्यंत अडकायच्या जागा पाच, तुमचा फोन किंवा कॉम्प्युटर, घरचा वायफाय, गावातली लाइन नाहीतर टावर, कंपनीचा सर्व्हर, आणि तुमचं अकाऊंट. कुठं अडकलं ते आधी पाहायचं, मग हात लावायचा. पत्रं कापून-छाटून छापतो आहे आणि नावं गाळली आहेत, कारण काही पोट्ट्यांनी पत्रात आपला पासवर्डच लिहून पाठवला! असं करू नका रे बाबू, मलाबी नका पाठवू.

दादा, मी फ्री फायर मॅक्स खेळतो, गेस्टवर. परवापासून लोडिंगवरच अटकते अन् मंग नेटवर्क एरर म्हणते. यूट्यूब मस्त चालते. मित्र म्हणते डिलीट मारून परत टाक. टाकू काय? लय दिवसाची आयडी हाय, स्किनपण बम हायेत.
– दहावीतला पोरगा, ता. दर्यापूर, जि. अमरावती

नको! हात काढ त्या बटणावरून. गेस्ट अकाऊंट म्हणजे कुलूप कंपनीकडं आणि चावी फक्त तुझ्या फोनमध्ये. कंपनीला तुझा ईमेल माहीत नाही, फेसबुक माहीत नाही, नंबर माहीत नाही, तिला फक्त हा फोन माहीत आहे. ॲप डिलीट मारलं आणि त्यासोबत ती चावी गेली तर आयडी तुझी होती हे सिद्ध करायला तुझ्याजवळ काहीच राहत नाही.

आता कर काय, तर आधी वायफाय बंद करून मोबाइल डाटावर उघडून पाहा, डाटावर असशील तर घरातल्या दुसऱ्या कोणाचा हॉटस्पॉट घे, दुसऱ्या कंपनीचं सिम असलं तर अजून चांगलं. दुसऱ्या नेटवर उघडला तर भानगड नेटची आहे, गेमची नाही. नाही उघडला तर प्ले स्टोअरमध्ये जाऊन अपडेट आला का ते पाहा, कारण मोठा अपडेट आला की जुन्या व्हर्जनला सर्व्हर आतच घेत नाही आणि स्क्रीनवर मात्र 'नेटवर्क' म्हणून खोटंच कारण दिसते. मग फोनमध्ये जागा किती उरली ते बघ, लग्नाचे व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपच्या गुड मॉर्निंगनं फोन गच्च भरला असला की गेमच्या फायली उतरत नाहीत आणि लोडिंग तिथंच गोल-गोल फिरते.

यातलं काहीच नसलं तर सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात गेम, त्यात 'फोर्स स्टॉप', आणि मग 'क्लिअर कॅशे'. इथं लक्ष दे, त्याच्या बाजूलाच 'क्लिअर डेटा' नाहीतर 'क्लिअर स्टोरेज' असं दुसरं बटण असते, ते दाबलं म्हणजे डिलीट मारल्यासारखंच झालं. कॅशे म्हणजे खरकटं, ते गेलं तर गेलं. डेटात तुझी चावी आहे.

आणि एकदा का गेम उघडला की मॅच खेळायच्या आधी, होय आधीच, सेटिंगमध्ये जाऊन अकाऊंट गूगल किंवा फेसबुकला जोडून टाक, त्याला बाइंड करणं म्हणतात. ज्या गूगल आयडीला जोडशील ती तुझी स्वतःची पाहिजे, मोबाइल दुकानवाल्यानं फोन घेताना घाईघाईत बनवून दिलेली नको, कारण तिचा पासवर्ड तुला माहीत नसतो आणि त्यालाबी आठवत नसतो. बाइंड झालं की मग बिनधास्त डिलीट मार, परत टाक, नवीन फोन घे. आपला जो काय प्लेअर नंबर प्रोफाइलमध्ये दिसतो त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव, डायमंड विकत घेतले असतील तर त्याच्या पावत्याबी, सपोर्टवाले पहिलं तेच मागतात.

एक अजून, तुझ्या पत्रात मॅक्स लिहिलं म्हणून ठीक, पण काही पोरं अजून साधा जुना फ्री फायर कुठून-कुठून एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची ॲपची फाइल, आणून चालवायला पाहतात. तो १४ फेब्रुवारी २०२२ ला सरकारनं जी ५४ ॲप बंद केली त्यात गेला. तो लॉगिन नाही झाला तर दुरुस्ती शोधत बसू नका.

भाऊ, स्पीडटेस्टवर ३५ एमबीपीएस दाखवते, तरी संध्याकाळी बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) पिंग ३०० च्या वर, लाल. सकाळी मात्र ५०-६० राहते. फोन खराब हाय का टावर? कस्टमर केअरवाले म्हणते तुमचा स्पीड बरोबर हाय.
– बी.ए.चा विद्यार्थी, ता. रिसोड, जि. वाशिम

फोन चांगला आहे, आणि कस्टमर केअरवालाबी खोटं बोलत नाही, तू त्याला चुकीचं विचारून राहिला. स्पीड म्हणजे एका वेळी किती माल येतो, पिंग म्हणजे एक निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो. गेमला माल लय कमी लागतो, पण निरोप सेकंदात कितीतरी वेळा जातो-येतो आणि तो वेळेवर पोचला पाहिजे. व्हिडिओ पाहताना पुढचा भाग आधीच उतरून ठेवता येतो म्हणून मधात नेट अटकलं तरी कळत नाही. समोरचा पोरगा पुढच्या सेकंदाला कुठं पळणार हे काही आधी उतरून ठेवता येत नाही.

आता अंतराचा हिशोब पाहा, म्हणजे दोष कोणाचा ते कळते. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत ७०० किलोमीटरच्या आसपास. फायबरच्या काचेत उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळतो. म्हणजे जाऊन-येऊन १४०० किलोमीटरला लागले ७ मिलिसेकंद! तार सरळ जात नाही, इकडून तिकडून फिरते, मधात मशिनी लागतात, टावर ते फोन हवेतला वेळ वेगळा, हे सगळं धरून सकाळचे तुझे ५०-६० झाले, ते ठीकच आहेत. संध्याकाळचे वरचे जे अडीचशे आहेत ते अंतराचे नाहीत, रांगेचे आहेत. आठ वाजले की अख्खं गाव एकाच टावरवर, कोणी सिरियल पाहते, कोणी रील, कोणी पुण्याच्या लेकाला व्हिडिओ कॉल. शेगावला प्रकट दिनाला गेलेल्यांनी पाहिलंच असंल, फोन फुल काड्या दाखवते आणि मेसेज काही जात नाही. काड्या म्हणजे टावर किती जोरात ऐकू येते ते, तो किती मोकळा आहे ते काड्यांत दिसत नाही.

तुझ्या हातात काय आहे तर थोडंच, पण आहे. पहिलं, तुमच्या भागात ५जी नुकतं आलं असलं आणि गावात ते काठावर पकडत असलं तर फोन दर थोड्या वेळानं ५जी-४जी असं खालीवर करत राहते, आणि त्या प्रत्येक उडीला गेम अटकते, कधी सरळ 'रिकनेक्टिंग' येते. खेळायच्या वेळेपुरतं सिमच्या सेटिंगमध्ये ४जी लावून ठेव. नवं सोडून जुनं लावा म्हटलं की पोरांना पटत नाही, पण स्थिर ४जी हे उड्या मारणाऱ्या ५जीपेक्षा गेमला कधीही बरं. दुसरं, फोटोचा बॅकअप, प्ले स्टोअरचे आपोआप अपडेट, व्हॉट्सॲपचं ऑटो डाऊनलोड हे खेळताना बंद. अपलोडची वाट इकडं नेहमीच अरुंद असते, ती फोटोनं भरली की तुझे निरोप मागं थांबतात. तिसरं, बसायची जागा. सिमेंटच्या स्लॅबखाली आणि टिनाच्या छताखाली नेटवर्क मरते, टावर ज्या दिशेला त्या बाजूच्या खिडकीत बस. चौथं, दोन सिम असतील तर दुसऱ्या कंपनीचं रात्री तपासून पाहा, कोणता टावर रिकामा हे गावागावात वेगळं असते, मित्रानं सांगितलं म्हणून पोर्ट करू नको.

पिंग कमी करणारे बूस्टर ॲप जे जाहिरातीत दिसतात ते टावरवरची रांग हटवू शकत नाहीत. फोनमधलं बाकी काहीबाही बंद करतात एवढंच, ते तू हातानंबी करू शकतो. जाहिराती मात्र दाखवतात पोटभर.

आमच्या घरी फायबर हाय. परवा वादळ आलं तवापासून डब्ब्यावर लाल लाइट लागलेला हाय. शंभरदा बंद-चालू केलं. पोरगा गेमसाठी जीव खाऊन राहिला.
– शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

काका, लाल लाइटच्या वर नाहीतर खाली एलओएस असं लिहिलेलं असंल. त्याचा अर्थ डब्ब्यापर्यंत उजेडच येऊन नाही राहिला, म्हणजे तार कुठंतरी तुटली, वाकली नाहीतर खांबावरच्या पेटीतून निघाली. हजार वेळा बंद-चालू केलं तरी जोडली जाणार नाही. डब्ब्यामागची बारीक तार कुठं दरवाज्यात चेपली का, उंदरानं कुरतडली का तेवढं पाहा, आणि लाइनवाल्याला 'नेट बंद आहे' असं नका सांगू, 'एलओएस लाल आहे' असं सांगा, म्हणजे तो तुम्हाला फोनवर रिस्टार्ट करायला न लावता जोडायची मशीन घेऊन येईल. तार उपटून तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका, तो उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकते.

लाल नसून हिरवाच लुकलुकत असला तर गोष्ट वेगळी, लाइट आल्यावर दोन-चार मिनिटं त्याला द्या, तो वरच्या मशिनीशी बोलणं करून राहिला असतो. आणि लाइट गेल्यावर नेट जाऊ नये म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राऊटरसाठी मिळतो, तो घेऊ शकता, फक्त आपल्या डब्ब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट किती लिहिले ते पाहून. पण तुमच्या गल्लीतल्या ऑपरेटरच्या पेटीलाच बॅटरी नसली तर घरात यूपीएस असून काही फायदा नाही, ते आधी त्याला विचारा.

सर, घरी जुना डेस्कटॉप आहे. लाइट गेली की तारीख मागे जाते, कधी २०१२, कधी काय. स्टीमला (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) लॉगिन होत नाही, ब्राउझर म्हणते ही साइट सुरक्षित नाही. दुकानदार म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारावं लागेल.
– आयटीआयचा विद्यार्थी, पुसद

फॉरमॅटचे पैसे वाचव. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते, सीआर २०३२, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तीच चालवते. ती मेली की लाइट जाऊन आली म्हणजे घड्याळ मागं पळते. घड्याळाच्या दुकानातबी मिळते ती, फॉरमॅटच्या तुलनेत फुकटच म्हण. बॅटरी टाकली की तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेव आणि टाइम झोन भारताचा आहे का ते बघ.

तारखेचा आणि लॉगिनचा संबंध असा, की सर्व्हर आपली ओळख पटवायला जे सर्टिफिकेट दाखवते त्यावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत चालेल' असं लिहिलेलं असते. तुझा कॉम्प्युटर म्हणते आज २०१२ आहे, सर्टिफिकेट म्हणते मी तर अजून जन्मलोच नाही, मग तो दारच उघडत नाही. व्हायरस नाही, उलट सुरक्षेचं काम बरोबर चाललं आहे. मोबाइलमध्येबी हेच होते, आणि मोबाइलमध्ये तर पोट्टे मुद्दाम तारीख पुढं करतात, कुठल्यातरी गेममध्ये उद्याचं बक्षीस आजच घ्यायला, आणि मग ऑनलाइन गेम चालेना म्हणून मला पत्र लिहितात! लॉगिनसाठी कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचे कोडसुद्धा दर ३० सेकंदाला घड्याळावरूनच बनतात, घड्याळ चुकलं की कोड चुकला.

तुझ्याजवळ पुढं-मागं नवा कॉम्प्युटर आला आणि त्यात व्हॅलोरंट हा गेम खेळत असशील तर हेबी ध्यानात ठेव, बॅटरी मेली की बायोसच्या, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या, सेटिंग मूळपदावर जातात, त्यात कधी सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग बंद होते, आणि विंडोज ११ वर मग व्हॅन ९००३ असा एरर येते. ९००१ आला तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप चालू नाही असं समज. दोन्ही बायोसमधून चालू होतात, नेटशी काही घेणं-देणं नाही.

भाऊ, माझा मुलगा १३ वर्षांचा. त्याचा गेम रोज थोडा वेळ खेळल्यावर आपोआप बंद होतो आणि परत लॉगिन होत नाही. तो म्हणतो नेट संपलं, नवीन रिचार्ज मारून दे. मी दोनदा मारून दिलं.
– गृहिणी, ता. चिखली, जि. बुलडाणा

ताई, गेम बीजीएमआय असला तर नेट संपलं नाही, वेळ संपला. २०२३ मध्ये तो गेम परत सुरू झाला तेव्हा कंपनीनं १८ वर्षांखालच्यांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा जाहीर केली होती, पालकांच्या संमतीची अटबी होती. तुमच्या नंबरवर कधी ओटीपी आला होता का आणि तो तुम्ही न वाचताच पोराला सांगितला होता का, ते आठवून पाहा. रिचार्ज उरला किती ते कंपनीच्या ॲपमध्ये दिसते, पोराला विचारायची गरज नाही. आणि 'थोडा वेळ' म्हणजे ३ तास भरले होते, हे आता तुम्हाला कळलंच.

नमस्कार. मी पुण्याला कामाला असताना जे सिम होतं त्यावर गूगल अकाऊंट, त्यावर गेम. गावात त्या कंपनीचं नेटवर्क नाही म्हणून सिम वर्षभर डब्यात पडून होतं. आता नवीन फोनवर लॉगिन करतो तर ओटीपी त्याच नंबरवर, आणि सिम बंद. टेलिग्रामवर एक जण ५०० रुपयांत आयडी परत आणून देतो म्हणतो.
– ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

टेलिग्रामवाल्याला आधी ब्लॉक करा. त्याच्याजवळ कुठली गुप्त चावी नसते, तो ५०० घेईल, मग तुमच्याकडूनच ओटीपी मागेल, आणि आयडी परत आली तर त्याच्याकडं जाईल. कोणाला पैसे देऊन बसला असाल तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम थांबण्याची आशा जास्त.

आता सिमचं. सलग ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळानं तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. तुमच्या नंबरवर दुसऱ्या फोनवरून रिंग करून पाहा. कोणी अनोळखी उचलत असलं तर तो नंबर गेला, त्या माणसाला ओटीपी मागत बसू नका, तो बिचारा तुम्हालाच ठग समजेल. नंबर कोणाला मिळाला नसला तर कंपनीच्या स्टोअरमध्ये आधार घेऊन जा, कधीकधी परत चालू करून देतात. सिम नवीन निघालं की २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, फसवणूक टाळायला तसा नियमच आहे, तेव्हा लगेच ओटीपी मागून-मागून अकाऊंट लॉक करून घेऊ नका. दुसरा दिवस उजाडू द्या.

नंबर गेलाच असला तर जुना फोन शोधा, स्क्रीन फुटलेला असला तरी चालेल, पण ज्यात ते गूगल अकाऊंट अजून उघडं आहे. त्या फोनवर आत जाऊन आधी नवा नंबर आणि दुसरा ईमेल टाका, मग नव्या फोनवर लॉगिन. जुना फोनच नसला तर गूगलचं रिकव्हरी पान, आणि ते शक्यतो ज्या फोनवर, ज्या जागी तुम्ही आधी ते अकाऊंट वापरत होतात तिथून उघडा, गूगल ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा पाहते. अकाऊंट हातात आलं की बॅकअप कोड काढून घ्या, ८ आकडी १० कोड मिळतात, एक कोड एकदाच चालते. ते फोनमध्ये नका ठेवू, कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, ती फाइल कोणी हरवत नाही.

माझं रमीचं ॲप लॉगिनवर अटकते, कनेक्शन एरर येते. व्हीपीएन लावून चालेल का? आत पैसे आहेत.
– यवतमाळ

हा नेटचा एररच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम त्यात बंद झाले, रमी असो, पोकर असो का क्रिकेटची टीम लावणं असो. ई-स्पोर्ट्स आणि साधे गेम सुरूच आहेत. आत पैसे असले तर व्हीपीएन, म्हणजे आपली जागा लपवणारं ॲप, नका लावू, कंपनीच्या अधिकृत सपोर्टला मेल करा, बऱ्याच कंपन्यांनी शिल्लक काढून घ्यायची सोय ठेवल्याचं जाहीर केलं होतं. 'नवीन चालू व्हर्जन' म्हणून व्हॉट्सॲपवर जी एपीके फिरते ती टाकाल तर रमीतलेच नाही, बँकेतलेबी जातील. माझं मत विचाराल तर हे ॲप उघडत नाही यात मला काही वाईट वाटत नाही.

बाकी काही बारीक-सारीक प्रश्न एकत्रच घेतो. मूर्तिजापूरच्या एका बारक्यानं रोब्लॉक्सचे आकडे विचारले, २७७ म्हणजे खेळता-खेळता कनेक्शन तुटलं, २७३ म्हणजे तीच आयडी दुसऱ्या फोनवर कोणीतरी उघडली, तेव्हा आधी घरातल्या भावाला विचार आणि तो नाही म्हणाला तर पासवर्ड बदल. गोंदियाहून एकानं लिहिलं की बुधवारी पहाटे स्टीम चालत नाही, तर त्यांची आठवड्याची देखभाल अमेरिकेतल्या मंगळवारी दुपारी असते, आपल्याकडं तेव्हा बुधवारची पहाट होते, तू झोप. बीजीएमआय टाकतानाच 'पार्सिंग'वर अटकते म्हणणाऱ्यांनी तो कुठून टाकला ते आठवा, २८ जुलै २०२२ पासून मे २०२३ च्या अखेरीपर्यंत तो प्ले स्टोअरवर नव्हता, त्या काळातल्या फायली अजून एकमेकांना शेअर करणं चालू आहे. आणि लॉगिनचं पान पांढरंफक राहते म्हणणाऱ्या लाखनीच्या पोरा, जाहिराती बंद करायला तू 'प्रायव्हेट डीएनएस' मध्ये काही टाकलं आहेस का? अँड्रॉइड ९ पासून ती सेटिंग आहे. ते जाहिरातीसोबत फेसबुक-गूगलचं लॉगिनबी अडवू शकते. 'ऑटोमॅटिक' करून पाहा.

दादा, मी घरच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्ट जावाचं सर्व्हर चालवतो. राऊटरमध्ये २५५६५ पोर्ट फॉरवर्ड केला. घरातल्या घरात भाऊ येते, पण नागपूरचा मावसभाऊ आला की कनेक्शन टाइम्ड आऊट. यूट्यूबचे सगळे व्हिडिओ पाहून झाले.
– बारावी, ता. वणी, जि. यवतमाळ

तुझं काम बरोबर झालं आहे, इंटरनेटवर तुझ्या घराला स्वतःचा वेगळा पत्ताच नाही हे दुखणं आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, आकडी पत्ते जगात सगळे मिळून ४३० कोटीच्या आत, आणि आशिया-पॅसिफिकचा साठा २०११ सालीच तळाला लागला. म्हणून इंटरनेट कंपन्या एकच पत्ता कित्येक घरांत मिळून वापरतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेर जायला अडचण येत नाही म्हणून तू दुसऱ्याच्या सर्व्हरवर आरामात खेळतो. पण बाहेरून कोणी आलं की कंपनीच्या मशिनीला कळतच नाही हे नेमकं कोणत्या घरी पाठवायचं, आणि तू पोर्ट, म्हणजे आत यायचा दरवाजा, उघडलास तो तुझ्या घरच्या राऊटरवर, कंपनीच्या मशिनीवर नाही.

खात्री करून घे. राऊटरच्या स्टेटसच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, पाहा, आणि गूगलला 'माझा आयपी' विचारून जो येते तो पाहा. दोन्ही वेगळे आले, आणि राऊटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यामधला असला तर पक्कं सीजीनॅट. हा गट २०१२ पासून याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. १० नं सुरू होणारा असला तरी तेच समज.

मग रस्ते तीन. लाइनवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे तुझा एकट्याचा कायमचा पत्ता, घे, महिन्याला वेगळे पैसे घेतात, बारावीच्या पोराला बाप देईल असं वाटत नाही. दुसरं, तुझ्याकडं आणि मावसभावाकडं दोघांकडंही आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, असलं तर त्याचे पत्ते भरपूर आहेत, तिथं हे अडत नाही, पण राऊटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते. तिसरं आणि सोपं, टेलस्केल किंवा झिरोटियर असं सॉफ्टवेअर दोघांनी टाकायचं, ते दोन कॉम्प्युटर एकाच घरात असल्यासारखे जोडते, मग त्यानं जो पत्ता दिला तो मावसभावानं माइनक्राफ्टमध्ये टाकायचा. दोनचार भावांसाठी फुकटात होऊन जाते.

जोडल्यावर 'टाइम्ड आऊट' जाऊन 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर घाबरू नको, उलट पुढं सरकलास. टाइम्ड आऊट म्हणजे हाकेला कोणी ओच दिली नाही, रिफ्यूज्ड म्हणजे हाक बहुतेक तुझ्या कॉम्प्युटरपर्यंत पोचली पण त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही, म्हणजे सर्व्हर चालू नाही नाहीतर पोर्टचा आकडा चुकला. 'आऊटडेटेड क्लायंट' आलं तर दोघांचं व्हर्जन एक करा. मावसभाऊ मोबाइलवरून यायला पाहत असला तर ते बेडरॉक आहे, त्याचा पोर्टबी वेगळा, १९१३२, आणि तो तुझ्या जावाच्या सर्व्हरवर असाच येऊ शकत नाही, त्याला वेगळं प्लगिन लागते.

आणि वणीत लाइट जाते हे गृहीत धर. सर्व्हर चालू असताना लाइट गेली की वर्ल्डची फाइल बिघडू शकते, म्हणून वर्ल्डचं फोल्डर आठवड्यातून एकदा पेनड्राइव्हवर कॉपी करत जा, आणि बंद करताना खिडकीची फुली दाबू नको, कन्सोलमध्ये स्टॉप लिहून बंद कर.